चौथ्या पिक्चरचा शेवट

११ फेब्रुवारी, बुधवार

खोटं बोलले. बाबांशी. तोंडावर, चहा ओतता ओतता.

त्यांनी विचारलं, "डाक्टर काय बोलला गो?" म्हटलं, "गाठ काढायची म्हणाले. तेवीसला, सोमवारी भरती, मंगळवारी ऑपरेशन." — "मंग?" — "मग काय, थोडे दिवस तिथे, की घरी." त्यांनी बशी फुंकली आणि प्यायले. गिळताना मान पुढे काढतात हल्ली.

डॉक्टर जे बोलले ते असं नव्हतंच. रेडिएशनचा शेक देऊन झाला, गाठ परत आली. आता सगळं स्वरयंत्रच काढायचं. काढलं तर माणूस वाचेल, आशा बरीच आहे. नाही काढलं तर — ते त्यांनी नुसती मान हलवून सांगितलं. आणि काढलं की आवाज गेला. कायमचा! गळ्याला पुढून भोक, श्वास तिथून. "पुढे यंत्र लावून थोडंफार बोलता येतं, पण तो आवाज त्यांचा नसेल." मी आणि धाकटा हर्षद आत खुर्चीवर. आणि बाबा बाहेर बाकड्यावर, शेजारच्या पेशंटला कसली तरी गोष्ट सांगत बसलेले! बसलेल्या घशाने, पण हातवारे करून. काचेतून दिसत होतं. तो माणूस पोट धरून हसत होता.

जिन्यात हर्षद म्हणाला, "सांगायचा नाय त्यांना. आवाज जानार बोललो तर टेबलावर चढनारच नायत. तुला माहीत हाय ताई." हो, माहीत आहे. म्हणून तर खोटं बोलले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांचं एक वाक्य काल लिहिलंच नाही. "तुम्ही सांगा त्यांना. भरतीच्या दिवसापर्यंत नाही सांगितलंत तर मी सांगेन. पेशंटला अंधारात ठेवून मी असलं ऑपरेशन करत नाही."

हर्षद म्हणतो बघू, एकदा कपडे बदलून कॉटवर पडले की कुठे जातात. माझा भाऊ बाबांना ओळखत नाही की काय! सलाईन उपटून रिक्षा पकडतील.

दिवसभर दुकानात डोक्यात हेच. औषधाच्या दुकानात काम करायचं आणि घसा धरून आलेलं गिऱ्हाईक नकोसं व्हायचं, म्हणजे कमालच. एका म्हातारीने खोकल्याची बाटली मागितली, मी पोट साफ व्हायची दिली. शेठनी बाटली बदलून दिली. पूल ओलांडून नदीपलीकडे अष्टमी गावात घरी आले तर बाबा दारातच. "आज उशीर झायला?" आवाज म्हणजे पत्रा ओढल्यासारखा. तरी बोलायचं काही थांबत नाही!

१४ फेब्रुवारी, शनिवार

मनस्वीने आज घर डोक्यावर घेतलं. "मम्मी, आजोबांचे पिक्चर मोबाईलवर आलेत!" मला आधी कळेचना. मग स्क्रीन नाकाखाली धरली तिने — बर्फ, लाकडाचा तराफा, त्यावर कोल्ह्याचं पिल्लू आणि म्हातारी अस्वलीण. हातातली पळी तशीच राहिली. आमचा जनू! आमची हौसा!

किती वर्षं झाली. वडखळच्या पुढे खाडीला लागून आमचं गाव, तिथे बाबांची केबल होती. कान्हूकाका खांबावर चढायचे, बाबा कंट्रोल रूममध्ये. कंट्रोल रूम म्हणजे आमच्याच घरामागची पत्र्याची खोली. धरमतरला आलेल्या कुठल्याशा बोटीवरच्या खलाशाने बाबांना चार कॅसेटी दिल्या होत्या. एकाच गोष्टीचे चार कार्टून पिक्चर. भाषा कुठली ते देव जाणे. बाबांनी काय करावं? पिक्चरचा आवाज बारीक केला, माइक लावला आणि स्वतःच बोलायला बसले. आमच्या बोलीत! पिल्लू बाबाच, अस्वलीण बाबाच, वारा तेच, बर्फ फुटतो तेही तेच. पिल्लाचं नाव ठेवलं जनू. अस्वलीण चालायची आमच्या शेजारच्या हौसाआजीसारखी, ओरडायचीही तशीच, म्हणून ती हौसा. खरी हौसाआजी पहिल्या रविवारी कोयता घेऊन दारात उभी राहिली होती. दुसऱ्या रविवारी पाट घेऊन टीव्हीसमोर, सगळ्यांच्या पुढे!

मग वर्षानुवर्षं तेच चार पिक्चर, रविवारी दुपारी, फिरून फिरून. मिठागरावरून बायका लवकर घरी यायच्या. आम्हाला प्रत्येक वाक्य पाठ होतं, तरी बघायचो.

आज मनस्वीबरोबर पहिला बघितला. मोबाईलवर हिंदी आवाज आहेत. अगदी गुळगुळीत. आणि जनू मुलगी आहे! खरोखर! फ्रॉकबिक काही नाही, पण सगळे तिला "बिटिया" म्हणतात. मनस्वी खूश. मला मात्र कुणीतरी आपल्या माणसाचं नाव बदलल्यासारखं वाटलं. हौसा तर किती गोड बोलते! आमची हौसा आधी शिवी घालायची, मग मासा द्यायची.

बाबांना हाक मारली. आले, दोन मिनिटं उभे राहिले. "ह्या हौसाला काय झायला? ताप आलाय काय?" म्हणाले आणि गॅलरीत गेले.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. साबुदाणा बाबांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून रताळ्याची खीर केली, तीही पातळ. अर्धी वाटी घेतली.

दुसरा आणि तिसरा बघून झाला. दुसरा आवडला, जंगलाचा. चित्रं हाताने काढलेली आहेत, हे मला तेव्हा कुठे कळत होतं! झाडाच्या सालीवर कुणाच्या तरी ब्रशचे केस चिकटलेले दिसतात. इतका सुंदर पिक्चर आम्ही मुंग्या आलेल्या टीव्हीवर बघत होतो.

तिसऱ्याने मात्र मला दुपारी झोपू दिलं नाही. तिसरा समुद्राचा. समुद्राचं पाणी बांध फोडून आत येतं. आमच्याकडे त्याला खांड म्हणतात, आणि खांड पडली की गावातल्या प्रत्येक घरातून माणूस चिखलाचा पेंड, म्हणजे गोळा, घेऊन बांधावर जातो — जोळ. बाबांच्या पिक्चरमध्ये सगळे प्राणी जोळीला जायचे. ससे, हरणं, मुंगूस, सगळ्यांच्या पाठीवर पेंड! "चला रे, खांड बुजवाया चला! घरात बसलाव तर मिठात बसलाव!" बाबा माइकवर ओरडायचे आणि आम्ही पोरं टीव्हीसमोर उभी राहायचो. एकदा साहिल नावाचा पोरगा खरंच फावडं घेऊन बाहेर पळाला होता.

आज बघितलं. ते पेंड नाहीत. गाठोडी आहेत! संसाराची गाठोडी. ते सगळे पळून चाललेत. बांधाकडे नाही, बांधापासून लांब. मी मागे नेऊन परत बघितलं. पाणी डावीकडून येतंय आणि हे उजवीकडे पळतायत. इतकं साधं! आणि गावातल्या एकाही पोराला हे दिसलं नाही. दिसणार कसं? पाणी आलं की माणूस बांधाकडेच जातो, आमच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

मनस्वीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आजोबा खोटं सांगायचे?"

गॅलरीचं दार उघडं होतं. बाबांनी ऐकलं असणार. वळून बघितलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

हर्षदचा पेणहून फोन. "बोललीस काय त्यांना?" — "नाही." — "मंग नको बोलू."

१८ फेब्रुवारी, बुधवार

समीक्षा आली दुकानात, आमच्या गावची, इथे रोह्यातच दिलेली. तिला म्हटलं, बाबांचे पिक्चर आलेत मोबाईलवर. तर काउंटरवर ओरडलीच! "लाईट जायची तो पण?" तो म्हणजे चौथा. चौथा पिक्चर आम्ही कुणीच पूर्ण बघितलेला नाही. बर्फाचा तुकडा फुटतो, हौसा एकीकडे, जनू तराफ्यावर — आणि लाईट जायची. पुढच्या रविवारी बाबा सुरुवातीलाच सांगून टाकायचे, "हौसा पोहून काठाला आली बरा का, घाबरू नका," आणि परत पहिला पिक्चर.

समीक्षा हसत होती. हसता हसता थांबली. "पण काय गं प्रतिक्षा... लाईट गेली तर आमच्या घरात पंखा कसा चालू असायचा?"

इतकी वर्षं! शिकल्या-सवरलेल्या, पोरांच्या आया झालेल्या बायका आम्ही, आणि हे आज सुचतंय. पंखा चालू, बल्ब चालू, टीव्हीवर नुसत्या मुंग्या. गावात कुणीही विचारलं नाही. कंट्रोल रूमची लाईट वेगळी, असंच आम्ही धरून चाललो.

बाबाच बंद करायचे ते. दर वेळी. तिथेच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंती. मनस्वी शाळेच्या मिरवणुकीत, बाबा तिला बघायला चौकात. नवरोबा नितेश फर्स्ट शिफ्टला. घरात मी एकटी. चौथा लावला.

हौसा येत नाही. पोहून काठाला वगैरे काही नाही. तिने पायाने तराफा ढकलला म्हणूनच तिच्या पायाखालचा तुकडा फुटला. जनू हाका मारते. खूप वेळ मारते. मग बर्फ पडतो, आवाज बंद.

मला वाटलं संपला. पण नाही, पुढे आहे! उन्हाळा येतो. जनू नदीवर एकटी. मासा धरते, सुटतो. परत धरते. सुटतो. तिसऱ्यांदा मिळतो, खाते, काटा लागतो, थुंकते. तराफा दुरुस्त करते, वाकडाच होतो. हौसाचं नावसुद्धा कुणी काढत नाही. आणि संपतो पिक्चर, त्या वाकड्या तराफ्यावर.

मी रडले, ते हौसासाठी नाही. मला तारखा आठवल्या. चौथी कॅसेट बाबांनी पहिल्यांदा लावली त्या मे महिन्यात आई घरात नव्हती. "आई गागोद्याला मामाकडे गेली हाय, हवापालटाला," असं बाबांनी सांगितलं होतं. ती गागोद्याला खरंच होती, पण हवापालटाला नव्हती. शेवटचे दिवस होते तिचे. आम्हाला नेलं ते सगळं झाल्यावर. मी दहा वर्षांची होते. आईशी शेवटचं काय बोलले ते मला आजही आठवत नाही, कारण ते शेवटचं आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं!

आणि आता मी तेच करतेय. त्यांच्याच बाबतीत.

सांगायचं. काय व्हायचं ते होऊ दे. नितेशला विचारलं, तो म्हणाला, "सांग. नंतर कागदावर लिहून विचारतील तुला, की माहीत होतं का. तेव्हा काय करशील?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

अर्ध्या दिवसाची रजा काढली. बाबांना म्हटलं, बसा, चौथा पिक्चर बघू. "कशाला?" म्हणाले. पण बसले. टीव्हीवर लावला, आवाज पूर्ण बंद करून. हिंदी नकोच.

सुरुवातीला स्वतःच बोलायला लागले, सवयीने! "ये जनू, हळू, मेल्या, पाय सरकल." घसा खरवडत होता तरी. मला हसू आलं. मग बर्फाची ती जागा जवळ यायला लागली तसे गप्प झाले. हात सोफ्यावर रिमोट शोधायला लागला. रिमोट माझ्याकडे होता. मी मुठीत घट्ट धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दिला नाही.

तुकडा फुटला. जनू हाका मारत होती, आवाज नाही, नुसतं तोंड उघडतंय मिटतंय. बाबांची हनुवटी हलत होती. बर्फ. मग उन्हाळा. मासा. काटा. तराफा.

"ह्या पुढे हाय?" ते म्हणाले. "ह्या मी कधी बगितला नाय."

म्हणजे त्यांनी स्वतःसुद्धा! एकदा कॅसेट तपासायला लावली होती म्हणाले, हौसापर्यंत बघितली आणि काढून टाकली. "तुजी आय तवा गागोद्याला. तुमी दोगा टीवीसमोर मांडी घालून. मी आत माइकवर. हौसा बुडाली असा मी माज्या तोंडान बोलू? कसा बोलू? बटन दाबला."

मी म्हटलं, बाबा, मीही बटन दाबलंय. आणि सगळं सांगून टाकलं. स्वरयंत्र, भोक, यंत्राचा आवाज. न केलं तर काय, तेही. वाक्य पूर्ण करत गेले एकेक, दाताखाली खडा आल्यासारखी.

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडून गेला. मग बाबा उठले. "हर्षदला ठावा हाय?" — "हो." — "आनी तुमी दोगा मना तसाच नेनार व्हतास?" मी रिमोट खाली ठेवला. "मी नाय जानार. सांग तुज्या डाक्टरला. मुका करून जगवनार मना? नाय पायजे."

मी पाया पडले त्यांच्या. खरंच पडले, मनस्वीएवढी होऊन. पाय काढून घेतले त्यांनी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हर्षद गाडी घेऊन आला. दारातच सुरू. "काय मिळवलास? सोमवारी बेड हाय आनी तू आज ह्या केलास! बाबा मेले तर तुज्या डोक्यावर!" नितेश मध्ये पडला म्हणून, नाहीतर मीही काही कमी बोलले नसते. आता लिहितेय तर वाटतं, खरंच बोलतोय का तो? माझ्या डोक्यावर? मला सांगायचं होतं ते बाबांसाठी, की माझ्या मनाला टोचत होतं म्हणून?

बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. आमचं सगळं भांडण ऐकलं असणार, भिंत अशी कितीशी जाड आहे. हर्षद त्यांच्यासमोर जाऊन बसला. "बाबा, नातवाला बघायचाय ना मोठा होताना?" त्याचा मुलगा अजून महिन्याचाही नाही. बाबांनी पेपर उलटला. म्हणाले, "बघायला डोले लागतात, ते हायत." हर्षद चहा न घेता गेला.

गाठ वाट बघणार नाही, डॉक्टर म्हणाले होते. हा बेड गेला तर पुढचा कधी मिळेल ते सांगता येत नाही, हेही.

२२ फेब्रुवारी, रविवार

भांड्यांचेच काय ते आवाज.

दुपारी न राहवून म्हटलं, "निदान मोबाईलवर तुमचा आवाज भरून ठेवू द्या. मनस्वीसाठी. तिसरा पिक्चर बोला, खांडीचा." तर असे भडकले! "मेलेल्या मानसाचा ठेवतात आवाज. मी मेलूय?" मग खोकला, इतका खोकला की मनस्वी पाणी घेऊन धावली. मनस्वीला मांडीवर घेऊन बसले नंतर. तिच्या कानात काय काय बोलत होते, ती खिदळत होती. मला बघून दोघं गप्प. काय बोलले विचारलं तर मनस्वी म्हणते, सीक्रेट.

बॅग भरू की नको? भरली. कपाटाआड ठेवली, त्यांना दिसू नये अशी. उद्या सकाळी शेवटचं विचारायचं. नितेश म्हणतो, जबरदस्ती करायची नाही. मी म्हणते, करायची! बांधून न्यायचे!

२३ फेब्रुवारी, सोमवार

बाबा घरात नाहीत.

सहाला उठले तर अंथरूण घडी घालून ठेवलेलं. दार नुसतं ओढून घेतलेलं. चपला नाहीत. मोबाईल उशीखाली, बंद. पिशवी-बिशवी काही नेलेली दिसत नाही. कपाटाआडची बॅग जागच्या जागी.

नितेश रोहा स्टेशनवर गेला, एसटी स्टँडवर गेला. मी पुलावर. पुलावर कशाला गेले ते लिहवत नाही. कुंडलिकेत पाणी संथ होतं. एक माणूस म्हैस धूत होता, त्याला विचारलं, म्हातारा माणूस बघितलात का, मफलर गुंडाळलेला. "नाय बा," म्हणाला. मी कठड्याला धरून उभी राहिले, आणि त्याने मला पाणी विचारलं.

हर्षद पेणहून गावाला गेला. घराला कुलूप, मागच्या पत्र्याच्या खोलीलाही. बांधावर जाऊन आला, मिठागरावर विचारलं, वडखळच्या नाक्यावर हॉटेलवाल्यांना फोटो दाखवला. गागोद्याला मामांना फोन, तिथेही नाहीत. हौसाआजीच्या सुनेला विचारलं, तिने उलट यालाच विचारलं, "काय झायला रे दिनानाथभावजींना?" आता सगळ्या गावाला कळलं. पोलिसांत जायचं का? नितेश म्हणतो संध्याकाळपर्यंत थांबू, हर्षद म्हणतो आत्ता. संध्याकाळी गेलो. त्यांनी फोटो घेतला, वय विचारलं, घरात भांडण झालं का विचारलं. हर्षद माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, हो, झालं.

सकाळी दहापर्यंत भरती व्हायची होती. हर्षद म्हणाला, हॉस्पिटलला कळव. मी म्हटलं, तू कळव. कुणीच फोन केला नाही. आपण येत नाही म्हटलं की बेड दुसऱ्याला देणार. काहीच कळवलं नाही तर आज रात्रीपुरता तरी आपला राहील. वेड्यासारखे दोघं त्या बेडला धरून बसलोय, आणि माणसाचा पत्ता नाही!

मनस्वीला विचारलं, आजोबा काल कानात काय म्हणाले? रडकुंडीला आली पण सांगेना. "शपथ घातलीय." मी तिला ओरडले. मारायचीच राहिले होते. सकाळीच विचारायला हवं होतं, सुचलंच नाही. नितेशने तिला उचलून आत नेलं.

सांगितलं नसतं तर? आज या वेळी कॉटवर असते. रागावलेले, पण असते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ वाजता फोन मीच लावला, बेड सोडतो म्हणून सांगायला. पलीकडची बाई म्हणाली, "पेशंटला आत नेलंय. तुम्ही कोण त्यांच्या?"

बाबा काल पहाटेच्या गाडीने हॉस्पिटलला गेले होते, वाटेत कान्हूकाकांना बरोबर घेऊन. सही स्वतः केली. आम्ही पोचलो तर कान्हूकाका बाकड्यावर. "पोरांना उद्यापर्यंत बोलू नको, तोंडावर रडतील आनी मी परत फिरन, असा बोलला. शपत घातली गो." म्हटलं, काका, माझ्यासाठी काही बोलले का? ते खाली बघायला लागले. "नाय. जाताना लय बोलत व्हता, पन त्या नर्सशी. हसवत व्हता त्यांना."

माझ्याशी शेवटचं रविवारी रात्री बोलले. "दूध झाक, मांजर येल." एवढंच.

संध्याकाळी एकेकाला आत सोडलं. गळ्याला नळी, डोळे उघडे. मी नुसती उभी. नर्स म्हणाली, "ऐकू येतं त्यांना. बोला ना." बोलायला लागले. मांजर, दूध, पूल, पोलीस, मनस्वीला सगळं माहीत असून तिने तोंड उघडलं नाही ते, जे सुचेल ते. मधेच थांबले तर त्यांनी बोट हलवून खूण केली — पुढे.